गरोदरपणात सोनोग्राफीला जाताय? चिठ्ठी, एफ फॉर्म आणि सही, सगळं नीट समजून घ्या

मी गेली बरीच वर्षं एका सोनोग्राफी सेंटरच्या काउंटरवर बसते. दिवसभर एफ फॉर्म, म्हणजे गरोदर बाईच्या सोनोग्राफीसाठी लागणारा सरकारी फॉर्म, भरून घ्यायचे हेच काम, आणि रोज दोन-चार जण तरी वैतागून विचारतातच की ताई नुसती सोनोग्राफी तर करायचीये, एवढी चौकशी कशाला. गर्दीत नीट सांगायला वेळ मिळत नाही म्हणून इथे सविस्तर लिहितेय.

हा फॉर्म सेंटरच्या मनाने आलेला नाही, पीसीपीएनडीटी कायद्यात, म्हणजे गर्भलिंग तपासणी रोखणाऱ्या कायद्यात आहे. गर्भलिंग तपासणी थांबवायला देशात सगळ्यात आधी कायदा केला तो आपल्या महाराष्ट्राने, 1988 मध्ये. मग 1994 ला केंद्राचा आला आणि 2003 मध्ये तो अजून कडक झाला. तरी 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागे मुली होत्या 894, दहा वर्षांपूर्वी 913 होत्या. म्हणजे मधल्या काळात मुली कमीच झाल्या, म्हणून एवढी कागदपत्रं.

आता येताना काय आणायचं. डॉक्टरांची चिठ्ठी सगळ्यात महत्त्वाची. त्यावर तुमचं नाव, किती महिने झाले आणि सोनोग्राफी कशासाठी सांगितली ते कारण पाहिजे, खाली डॉक्टरांची सही-शिक्का. ही चिठ्ठी आम्ही एफ फॉर्मला जोडून ठेवतो, त्यामुळे परत मागू नका, हवी तर आधी झेरॉक्स काढा. बरेच जण म्हणतात चिठ्ठी नाही, सेल्फ लिहा. तसं होत नाही. सेल्फ रेफरल म्हणजे सोनोग्राफी करणाऱ्या डॉक्टरांनी स्वतः तपासून कारणासकट नोट लिहायची, पेशंटने किंवा घरच्यांनी येऊन करून द्या म्हणणं नव्हे, फॉर्मवरच हे छापलेलं आहे. बाकी आधीचे रिपोर्ट, शेवटच्या पाळीची तारीख आणि आधारसारखं एक ओळखपत्र, ते बहुतेक सेंटरवर मागतात.

फॉर्ममध्ये नाव, वय, नवऱ्याचं किंवा वडिलांचं नाव, पूर्ण पत्ता, फोन आणि आधीची मुलं किती, मुलगे किती मुली किती, त्यांची वयं, असं सगळं असतं. मुलांबद्दल विचारलं की काहींना राग येतो, आमच्या घरचं तुम्हाला कशाला म्हणतात, पण तो रकाना सरकारी फॉर्ममध्येच आहे आणि रिकामा सोडता येत नाही. फॉर्ममधली त्रुटीसुद्धा कायद्याने गुन्हाच धरली जाते, तसं नाही हे सिद्ध करायची जबाबदारी डॉक्टरांवर असते, 2019 मध्ये सुप्रीम कोर्टानेही ही तरतूद कायम ठेवली. म्हणून पत्त्यात नुसतं गावाचं नाव लिहिलं तरी आम्ही फॉर्म परत देतो, तो तुम्हाला त्रास द्यायला नाही. गरोदर बाई मुतखड्यासाठी पोटाची सोनोग्राफी करायला आली तरी हा फॉर्म लागतोच.

सगळ्यात शेवटी सही असते, आणि मला खरं बोलायचंय ते तिच्याबद्दल. तिथे लिहिलेलं असतं की या सोनोग्राफीतून मला बाळाचं लिंग जाणून घ्यायचं नाही. ही सही फक्त त्या बाईची. नवऱ्याची नाही, सासूची नाही. मागे एक मुलगी आली होती, सातवा महिना, सोबत सासूबाई. मी मुलीला विचारायचं आणि उत्तर सासूबाईंनी द्यायचं, असं चाललेलं. शेवटी सासूबाईच म्हणाल्या हिचा अंगठा घ्या, हिला लिहिता येत नाही. मी फॉर्म त्या मुलीपुढे सरकवला आणि मजकूर हळूहळू वाचून दाखवला. तिने पेन मागितलं, आणि सावकाश, एकेक अक्षर जोडत स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं. खरंच लिहिता येत नसेल तर अंगठा चालतो, पण मग साक्षीदाराची सही लागते. मजकूर मात्र तिला कळेल अशा भाषेत तिला सांगायलाच हवा, त्याशिवाय सहीला अर्थ नाही. डॉक्टरही त्याच कागदावर लिहून देतात की मी लिंग पाहिलं नाही आणि कुणाला कुठल्याही प्रकारे सांगितलं नाही. खुणेने, पेढे-जिलेबीच्या शब्दाने, काहीच नाही.

गर्भजल तपासणी असेल, म्हणजे पोटातून सुई घालून पाणी काढायचं असेल, तर वेगळा जी फॉर्म असतो. त्यात धोके समजावून तुमच्या भाषेत लेखी संमती घेतात आणि त्याची प्रत तुम्हाला द्यावी लागते, मागून घ्या.

आतमध्ये गेल्यावरचं पण सांगते. आतून, म्हणजे योनीमार्गातून सोनोग्राफी करायची असेल तर आधी सांगून, विचारून करायला हवी. पुरुष डॉक्टर असतील तर खोलीत बाई असावी, अंगावर चादर असावी, हे मागायला लाजू नका. नको वाटलं तर तसं म्हणा, दुसरा मार्ग आहे का विचारा. आणि बाळाचे फोटो हवेत म्हणून उगाच जास्त वेळ मशीन फिरवा असा आग्रह धरू नका, गरजेपुरतीच आणि कमीत कमी ताकदीवर वापरायची हा या कामाचा नियमच आहे. काही वाईट दिसलं तर ते आधी तुम्हाला, एकांतात सांगायला हवं, वेटिंगमध्ये सगळ्यांसमोर नाही.

ज्या डॉक्टरांना स्वतःचं सेंटर काढायचंय त्यांच्यासाठी थोडक्यात. फॉर्म ए भरून जिल्ह्यात सिव्हिल सर्जनकडे, महापालिका हद्दीत पालिकेच्या आरोग्य अधिकाऱ्यांकडे अर्ज, सोबत लिंग तपासणी करणार नाही असं प्रतिज्ञापत्र. एका सेंटरला फी 25 हजार, नोंदणी 5 वर्षांची, नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपायच्या 30 दिवस आधी आणि फी निम्मी. सोनोग्राफी करणाऱ्याकडे त्या विषयाची पदव्युत्तर पदवी किंवा डिप्लोमा हवा, किंवा एमबीबीएसनंतर सहा महिन्यांचं मान्य ट्रेनिंग. एका डॉक्टरला जिल्ह्यात दोनच सेंटर. मशीन, जागा किंवा माणूस बदलायचा तर 30 दिवस आधी कळवायचं, दर महिन्याचा रिपोर्ट पुढच्या महिन्याच्या 5 तारखेपर्यंत, रेकॉर्ड किमान 2 वर्षं. नोंदणीचं सर्टिफिकेट आणि लिंग सांगत नाही ही पाटी भिंतीवर दिसेल अशी लावायची. पेशंटनेही आत शिरताना ही दोन्ही बघावीत, दिसली नाहीत तर विचारावं.

आणि कुणी लिंग सांगतो म्हणाला, किंवा घरचे तुमच्यावर जबरदस्ती करत असतील, तर हे लक्षात ठेवा की कायदा गरोदर बाईवर दबाव होता असंच धरून चालतो. शिक्षा आहे ती सांगणाऱ्याला आणि तिला तिथे नेणाऱ्यांना, पहिल्याच गुन्ह्यात 3 वर्षांपर्यंत कैद. तक्रार वर सांगितलेल्या अधिकाऱ्यांकडेच, म्हणजे सिव्हिल सर्जन किंवा पालिकेच्या आरोग्य अधिकाऱ्यांकडे लेखी द्यायची, पोच घ्यायची, आणि 15 दिवसांची नोटीस देऊनही त्यांनी काही केलं नाही तर तुम्ही स्वतः कोर्टात जाऊ शकता.