टिप नेमकी कशावर ठरते?

जेवण झालेलं असतं, बिल चुकतं केलेलं असतं आणि त्या रेस्टॉरंटमध्ये पुन्हा जाण्याचा योगही नसतो. तरीही आपण वेटरसाठी पैसे ठेवून उठतो. माणूस केवळ स्वतःचा फायदा पाहतो, असं गृहीत धरणाऱ्या अर्थशास्त्राला हे कोडं वाटत आलं आहे. बहुतेकांचं उत्तर सोपं असतं: चांगल्या सेवेचं बक्षीस.

मोजमाप केलं की हे उत्तर डळमळतं. कॉर्नेल विद्यापीठाचे मायकेल लिन आणि त्यांचे सहकारी यांनी २००० साली अनेक अभ्यासांची आकडेवारी एकत्र तपासली. ग्राहकांनी सेवेला दिलेली पसंती आणि बिलाच्या टक्केवारीत दिलेली टिप यांचा संबंध सापडला, पण फार क्षीण. टिपमधल्या चढउतारांपैकी २ टक्क्यांहूनही कमी भाग सेवेच्या दर्जाने उलगडत होता. टिपची रक्कम प्रामुख्याने बिलाच्या आकड्यामागे धावते.

उलट क्षुल्लक गोष्टी हात सैल करतात. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात बिलासोबत चॉकलेटं दिली गेली. काही दिलं नाही तेव्हा टिप सुमारे १९ टक्के होती. प्रत्येकी दोन दिली तेव्हा २१ टक्क्यांच्या वर गेली. मात्र आधी एक देऊन, निघता निघता वळून आणखी एक दिलं, तेव्हा ती सुमारे २३ टक्के झाली. चॉकलेटं तेवढीच, पण ‘हे खास आपल्यासाठी’ असं वाटल्याने फरक पडला. नेदरलँड्समधल्या प्रयोगात ऑर्डर ग्राहकाच्याच शब्दांत परत म्हटल्यानेही टिप वाढली.

इथवर गंमत वाटेल. पण सारख्याच सेवेसाठी कृष्णवर्णीय वेटरना गोऱ्यांपेक्षा कमी टिप मिळाल्याचंही अमेरिकेतल्या अभ्यासात दिसलं आहे. ज्याचं घर या पैशांवर चालतं, त्याच्या कमाईत आपल्या नकळत आपले पूर्वग्रह उतरतात, हे मला फार गंभीर वाटतं.

म्हणून किती द्यायचं ते टेबलावर बसण्याआधीच ठरवावं. जिथे आहोत तिथली रीत पाहावी, बिलात सेवाशुल्क आधीच धरलंय का तेही पाहावं, आणि मग तोच दर सगळ्यांना लावावा. स्वयंपाकघरातल्या उशिराची शिक्षा वेटरला देऊ नये. तक्रार व्यवस्थापकाकडे बोलून करावी. कार्डवरून टिप देत असाल तर ती कर्मचाऱ्यांपर्यंत पोहोचते का, हे जरूर विचारा.