शीवच्या दूधपेढीची पार्श्वभूमी

शीवचे लोकमान्य टिळक महापालिका रुग्णालय, म्हणजे मुंबईकरांचे सायन हॉस्पिटल. तिथे नोव्हेंबर १९८९ मध्ये दूधपेढी सुरू झाली, म्हणजे इतर आयांनी दान केलेले दूध साठवून गरजू बाळांना देण्याची सोय. आशियातली पहिली म्हणून ती ओळखली जाते. कल्पना जुनीच होती. व्हिएन्नात १९०९ सालीच अशी पेढी निघाली होती. पण शीवला पेढी उघडली तो काळ उलट्या वाऱ्याचा होता. एचआयव्ही आईच्या दुधातूनही बाळाला होतो हे कळल्याने युरोप-अमेरिकेतल्या कित्येक पेढ्यांना तेव्हा कुलुपे लागत होती.

इथे मात्र जवळचा धोका वरच्या दुधाचा होता. शेजारी धारावी, दिवस भरण्याआधी जन्मलेली, जेमतेम वजनाची बाळे वॉर्डात नेहमीचीच. पावडर, पाणी, बाटली, बूच अशा प्रत्येक ठिकाणी जंतूंना वाट मिळते. अपुऱ्या दिवसांच्या आतड्याला हे दूध झेपतही नाही. आतड्याचे अस्तर सुजून सडण्याचा आजार या बाळांत जास्त दिसतो. नवजात शिशुतज्ज्ञ डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने पेढी उभी राहिली ती अशा बाळांसाठी.

दात्या बहुतेक रुग्णालयातल्याच. कुणी बाळंतीण, कुणाचे बाळ काचेच्या उबदार पेटीत, कुणी तपासणीला आलेली. लेखी संमती घेतात. एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सिफिलिसच्या चाचण्या पाहतात. तंबाखू किंवा मिश्री चालू असेल तर दूध घेत नाहीत, आणि हा प्रश्न स्पष्ट विचारावा लागतो, कारण मिश्रीला व्यसन मानायला पुष्कळ जणी तयार नसतात. दुधाचे पैसे देत-घेत नाहीत.

पुढचे काम तापमानाचे. दूध ६२.५ अंश सेल्सिअसला ३० मिनिटे ठेवायचे आणि लगेच ४ अंशांपर्यंत उतरवायचे. एवढ्यात एचआयव्ही निष्प्रभ होतो, प्रतिपिंडे बऱ्यापैकी टिकतात. उकळले तर तीही जातात. चरबी पचवणारे लायपेज मात्र याही तापमानाला मरते. बॅसिलस जातीच्या जंतूंचे बीजाणू तगून राहू शकतात, म्हणून तापवल्यानंतरचा नमुना कल्चरला, म्हणजे जंतू वाढतात का ते पाहायला, जातो आणि त्यात काहीही उगवले तर ती बॅच ओतून टाकतात. पास झालेले दूध उणे २० अंशांत. बाटली काठोकाठ भरायची नाही, गोठताना दूध फुगते. वितळवायचे कोमट पाण्यात; मायक्रोवेव्हमध्ये कुठे गार, कुठे चटका बसेल इतके गरम राहते. साय भांड्याला आणि नळीला चिकटते, तेव्हा हलक्या हाताने फिरवून मगच पाजायचे. एकदा वितळले की २४ तासांत संपवायचे, पुन्हा गोठवायचे नाही.

एवढे करूनही हे दूध दुसऱ्या पसंतीचेच. दाती बहुधा पूर्ण दिवसांची बाळंतीण, तिच्या दुधात प्रथिने कमी. त्यावर लहान बाळाचे वजन सावकाश वाढते आणि वेगळी पोषक भर घालावी लागते. म्हणून पेटीतल्या बाळाच्या आईला पहिल्या दिवसापासून दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा, दूध काढायला बसवणे हे पेढीतले खरे जिकिरीचे काम. त्यातही चीक, म्हणजे बाळंतपणानंतरचे पहिले दूध, वाया जाऊ द्यायचा नाही. थेंबभर निघाला तरी तो बाळाच्या गालाला आतून लावतात.

केंद्र सरकारच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी आईच्या स्वतःच्या दुधावरचा हा भर नावातही आणला. वैद्यकीय महाविद्यालयांसारख्या मोठ्या रुग्णालयांतल्या पेढीला आता सर्वंकष स्तनपान व्यवस्थापन केंद्र म्हणतात. वॉर्डात अजून मिल्क बँकच.