कापलेली थ्री नॉट थ्री परत लष्करी रूपात आणायची, त्यामागचा इतिहास

कॅनडात आजोबांकडून वारशाने आलेल्या जुन्या शिकारी रायफली बघितल्या तर त्यातल्या कितीतरी मुळात लष्कराच्या ली-एन्फील्ड नंबर ४ निघतात, म्हणजे आपण जिला थ्री नॉट थ्री म्हणतो त्याच घराण्यातल्या. पुढचं लाकूड अर्ध्यात कापलेलं, नळीवरचं लाकडी आवरण गायब, दस्त्यावर चकचकीत वॉर्निश, आणि हे सगळं बघून नातवाला वाटतं की कुणीतरी हिची वाट लावलीय, आता ही परत युद्धातल्यासारखी करायची. इच्छा चांगलीच आहे, पण ती का कापली गेली हे माहीत असल्याशिवाय कामाला हात लावू नये असं माझं ठाम मत आहे.

नावातला ली म्हणजे जेम्स पॅरिस ली, जन्म स्कॉटलंडचा पण वाढला कॅनडातल्या ऑन्टारिओत. एन्फील्ड म्हणजे लंडनच्या उत्तरेचा सरकारी कारखाना. दुसऱ्या महायुद्धात नंबर ४ ब्रिटनमध्ये बनत होतीच, पण तेवढ्याने भागेना म्हणून अमेरिकेत सॅव्हेज कंपनी आणि कॅनडात टोरंटोजवळ लाँग ब्रँच इथेही बनायला लागली. लाँग ब्रँचच्या कारखान्यात १९४१ पासून रायफली बाहेर पडायला लागल्या आणि तिथे मोठ्या संख्येने बायका काम करायच्या. सॅव्हेजच्या रायफलींवर 'यू.एस. प्रॉपर्टी' असा शिक्का असतो, कारण त्या लेंड-लीज करारात, म्हणजे युद्धकाळात मित्रदेशांना शस्त्रं पुरवायच्या अमेरिकेच्या योजनेत, ब्रिटनला दिलेल्या होत्या. दोन्हीकडच्या मिळून लाखो झाल्या.

युद्ध संपलं आणि हा सगळा माल गोदामात पडून राहिला. १९५० आणि ६० च्या दशकात तो सरप्लस, म्हणजे लष्कराला नको असलेला जादा माल म्हणून बाजारात आला. अमेरिकेत सॅम कमिंग्जच्या इंटरआर्मकोसारख्या कंपन्यांनी जगभरातून जहाजं भरभरून रायफली आणल्या, आणि दहा-वीस डॉलरला चांगली चालणारी रायफल पोस्टाने घरपोच मिळायला लागली. नवीन शिकारी रायफल याच्या कितीतरी पट महाग, मग शेतकरी, लाकूडतोडे, नुकतेच सैन्यातून परतलेले लोक काय करणार, स्वस्तातली घेतली, चार किलोचं धूड दिवसभर जंगलात खांद्यावर नको म्हणून पुढचं लाकूड करवतीने कापलं, संगिनीसाठीचे खटके घासून टाकले आणि मूस (तिकडचं अवाढव्य हरीण) मारायला निघाले. काही जण घरीच करायचे, काही जण तयार घ्यायचे. बर्मिंगहॅमची पार्कर-हेल तर अशा रायफली रीतसर बनवून विकायची. त्या काळी यात कुणालाच काही वावगं वाटत नव्हतं आणि वाटायचं कारणही नव्हतं, घरात मांस येत होतं.

मग १९६३ साली केनेडींचा खून झाला तो पोस्टाने मागवलेल्या अशाच एका सरप्लस इटालियन कार्कानो रायफलीने. १९६८ च्या कायद्याने अमेरिकेत पोस्टाने बंदुका विकणं आणि लष्करी सरप्लसची आयात दोन्ही बंद झालं, आयात पुन्हा सुरू व्हायला १९८० चं दशक उजाडलं. दरम्यान न कापलेल्या रायफली कमी होत गेल्या, संग्राहक वाढले आणि कालची स्वस्त वस्तू दुर्मिळ झाली. परत मूळ रूपात आणायचं वेड खरं तर इथून सुरू होतं.

आपल्याकडे हा प्रकार का नाही तर .303 हा बोअर (नळीचा आतला व्यास) सामान्य लायसन्सवर मिळतच नाही, प्रतिबंधित आहे. म्हणून इशापूरच्या कारखान्याने त्याच धाटणीची .315 शिकारी रायफल वेगळी काढली. .303 च्या गोळ्या मात्र पुण्याच्या खडकीत बनायच्या, आणि 'के एफ' शिक्क्याची रिकामी काडतुसं आजही परदेशातल्या संग्राहकांकडे दिसतात.

आता मूळ मुद्दा. नुसतं लाकूड कापलं असेल तर रायफल वाचते, कारण लाकडाचे सुटे भाग अजून मिळतात. नळी आखूड केली असेल (मूळ २५.२ इंच) किंवा दुर्बिणीसाठी वरून भोकं पाडली असतील तर मामला वेगळा. नळी बदलायची तर काडतूस आणि त्यामागे नळी बंद करणारा बोल्ट यांच्यातली मोकळी जागा, म्हणजे हेडस्पेस, मोजायलाच लागते. नंबर ४ मध्ये त्यासाठी बोल्टचं डोकं सुटं असतं आणि ० ते ३ असे त्याचे आकडे असतात. हे काम गनस्मिथचंच, म्हणजे बंदुका दुरुस्त करणाऱ्या कारागिराचंच, घरी करायचं नाही.

नवीन लाकूड बसवणं हेही वाटतं तेवढं सोपं नाही. पुढच्या लाकडाला आत मागच्या बाजूला दोन टेकू असतात, ते धातूला दोन्हीकडून सारखे टेकले पाहिजेत, नाहीतर प्रत्येक गोळीला धक्का एकाच बाजूला बसतो आणि लाकूड चिरतं. तिकडे तोंडापाशी लाकडाने नळीला खालून थोडा दाब द्यायला हवा, तो नसेल तर रायफल दिसायला सुंदर पण नेम वाऱ्यावर. जुने कारागीर काजळी लावून लाकूड बसवतात, काढतात, काळं लागलंय तेवढंच खरवडतात आणि परत बसवतात. शेवटी जवसाचं कच्चं तेल, अनेक दिवस थोडं थोडं. वॉर्निश अजिबात नाही.

आणि युद्धातलं रूप म्हणजे नक्की कुठलं हेही आधी ठरवा. १९४२ च्या घाईत बनलेल्या रायफलीवर नेम धरायची मागची साइट नुसती ३०० आणि ६०० यार्डांची पलटणारी पट्टी असायची, चांगली साइट बऱ्याच रायफलींना पुढे दुरुस्तीत लागली. काही नळ्यांना आतून, गोळीला फिरकी देणाऱ्या, पाचऐवजी दोनच खाचा आहेत, ते बघून लोक नळी टाकून देतात, अहो तीच तर युद्धकाळातली खूण आहे! पार्कर-हेलने बनवलेली रायफल असेल तर मी म्हणेन आहे तशीच ठेवा, तिचा स्वतःचा इतिहास झालाय आता.

एक राहिलं. बऱ्याच नंबर ४ वर रायफलीचा नंबर पुढच्या लाकडावरही, तोंडाजवळ खालच्या बाजूला ठोकलेला असायचा, तो कापलेल्या तुकड्याबरोबर गेला. नव्या लाकडावर तो नंबर ठोकून 'मॅचिंग', म्हणजे सगळे भाग मूळचेच, म्हणून विकणारे लोक आहेत, ती सरळ फसवणूक आहे. लाकूड कोरंच ठेवा, आणि काय काय बदललं ते एका कागदावर लिहून रायफलीच्या कागदपत्रांबरोबर ठेवा.