रीतभात इंग्रजीत सांगायला शिकवणं

आपल्याकडे काय करतात, काय करत नाहीत, पाहुण्याने कसं वागायचं असतं, हे इंग्रजीत सांगता येणं, आणि नुसतं सांगता येणं नाही तर त्यात सक्ती किती आणि सवय किती हे समोरच्याला कळेल असं सांगता येणं, याचा हा धडा. स्पोकन इंग्लिशच्या बहुतेक कोर्समधे तो कुठेतरी मधल्या लेव्हलला येतो, म्हणजे मुलांना काळ वगैरे आलेले असतात, बोलायची भीती थोडी गेलेली असते, पण 'आमच्याकडे असं नसतं हो' हे इंग्रजीत म्हणायचं झालं की गाडी अडते. काटा कुठल्या हातात धरायचा हे शिकवणं वेगळं, ते एटिकेटच्या क्लासचं काम, दोन्हींची गल्लत बऱ्याच ठिकाणी होते आणि मग दोन तास नॅपकिनच्या घड्या घालण्यात जातात. पुण्यात हा धडा खास रंगतो कारण दुसऱ्याला नियम सांगायची हौस इथे उपजतच, तीही पाटी रंगवून.

अडतं कुठे

शब्द कमी पडतात असं मुलांना वाटतं, पण खरी अडचण वाक्याच्या बांधणीत आहे. मराठीत रीत सांगायला कर्ता लागतच नाही. 'पुस्तकाला पाय लावत नाहीत', 'दिवेलागणीला झोपत नाहीत', 'रिकामा डबा परत देत नाहीत'. कोण देत नाही? सगळेच. आजीने हे असंच सांगितलेलं असतं आणि तिला कोणी 'कोण?' असं विचारलेलं नसतं. मुलं त्याचं सरळ 'दे डोन्ट गिव्ह एम्प्टी डबा' करतात आणि ऐकणारा गोरा माणूस इकडेतिकडे बघायला लागतो की हे 'दे' म्हणजे नक्की कोण. इंग्रजीला तिथे 'यू', 'वी' किंवा 'पीपल' लागतं. यातलं 'यू' म्हणजे समोर बसलेले तुम्ही नाही, कोणीही माणूस, हे दोनतीनदा सांगावं लागतं, कारण मुलांना वाटतं आपण त्यांनाच दटावतोय.

'वी'ची गंमत त्याहून जास्त. मराठीत 'आम्ही' आणि 'आपण' वेगळे, इंग्रजीत दोन्हीला 'वी'. घरी आलेल्या परदेशी पाहुण्याला 'वी टेक ऑफ अवर शूज आउटसाइड' म्हटलं तर त्याला ते 'आम्ही काढतो' असं ऐकू येऊ शकतं, छान माहिती म्हणून तो मान डोलावतो आणि बुटासकट आत येतो. म्हणून त्याला जोडून 'सो गेस्ट्स आर एक्स्पेक्टेड टू, टू' असं काहीतरी म्हणावं लागतं. किंवा सरळ 'वुड यू माइंड' म्हणून विनंती करायची, रीत सांगत बसायचंच नाही.

मग येतो जोर. मराठीत पाहिजे, लागतं, करायचं असतं, करावं, करू नये, पद्धत आहे, एवढे सगळे प्रकार आपण न शिकता वापरतो, आणि इंग्रजीत गेलो की सगळ्याचं एकच 'मस्ट' किंवा त्याहून वाईट म्हणजे 'कम्पल्सरी'. 'इन अवर होम टचिंग फीट इज कम्पल्सरी' हे ऐकून वाटतं दारात तपासनीस उभा आहे. ढोबळ जोडी अशी लावून देता येते: 'लागतं'ला 'हॅव टू', 'करावं'ला 'शुड', 'पद्धत आहे'ला 'इट्स कस्टमरी टू', 'बरं दिसत नाही'ला 'इट्स कन्सिडर्ड रूड'. आणि 'करायचं असतं'ला 'सपोज्ड टू', ही जोडी इतकी चपखल बसते की मी तर तिच्यापासूनच सुरुवात करायला सांगेन, पाठ्यपुस्तकात ती बहुतेक वेळा शेवटी ढकललेली असते.

'सपोज्ड टू'मधे एक खोच आहे, नियम आहे खरा पण पाळतात असं नाही, हा वास त्याला येतो. पुणेकराला हे हेल्मेटवरून एका मिनिटात समजतं. दुचाकीवर हेल्मेट घालणं १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ प्रमाणे सक्तीचं आहे, म्हणजे कागदावर 'यू हॅव टू', पण हेल्मेटविरुद्ध आंदोलनं करणाऱ्या या शहरात लोक बोलताना 'यू आर सपोज्ड टू' म्हणतील आणि पुढचं 'बट' ऐकणाऱ्याने समजून घ्यायचं. भूतकाळात तर ती खोच आणखी टोकदार होते, 'ही वॉज सपोज्ड टू कम' म्हणजे तो बहुतेक आलेलाच नाही.

'मस्ट' कायम उद्धट असतं असंही नाही. 'यू मस्ट हॅव सम मोअर' हा इंग्रजीतला अगदी प्रेमाचा आग्रह आहे, पुरणपोळी वाढताना खुशाल म्हणावं. तेच 'यू मस्ट टच माय ग्रँडमदर्स फीट' म्हटलं की हुकूम. ज्यात फायदा ऐकणाऱ्याचा त्यात 'मस्ट' गोड लागतं, एवढं सांगितलं तरी पुरतं.

नकारात तर सगळ्यांचाच घोळ. 'मस्ट नॉट' म्हणजे करायचंच नाही, 'डोन्ट हॅव टू' म्हणजे नाही केलं तरी चालेल. यासाठी लग्नपत्रिका काढावी. खाली लिहिलेलं असतं 'कृपया आहेर आणू नये'. याचं इंग्रजी काय करणार? व्याकरणाने 'प्लीज डू नॉट ब्रिंग गिफ्ट्स', पण अर्थाने 'यू डोन्ट हॅव टू', आणि आपण तरीही खिशात पाकीट नेतोच, त्यात एकशेएक नाहीतर पाचशेएक, वरचा एक रुपया का ते सांगताना पुन्हा 'इट्स कन्सिडर्ड लकी' आलंच. या एका ओळीवर अर्धा तास वाद होतो आणि सगळा इंग्रजीत होतो, आणखी काय पाहिजे.

उच्चाराचं एवढंच की 'सपोज्ड टू' बोलताना 'सपोस्टू' होतं, 'हॅव टू'चं 'हॅफ्टू', 'युज्ड टू'चं 'यूस्टू'. मुलं प्रत्येक अक्षर सुटं म्हणतात, त्याने चुकत काही नाही पण दुसऱ्याचं ऐकताना कळत नाही. शिवाय आपली जुनी खोड, सवयीच्या गोष्टीला 'वी आर टचिंग फीट ऑफ एल्डर्स' म्हणायची. सवयीला साधा वर्तमानकाळ. विसर्जन मिरवणुकीत कसबा गणपती पहिला निघतो, मग तांबडी जोगेश्वरी, गुरुजी तालीम, तुळशीबाग, केसरीवाडा, हे सगळं 'कसबा गोज फर्स्ट' एवढ्या साध्या वाक्यात येतं, तिथे शुडही नको आणि मस्टही नको.

पाट्या

'दुपारी १ ते ४ बेल वाजवू नये', 'गेटसमोर गाडी लावू नये, हवा सोडली जाईल', 'फुले तोडू नयेत, ती देवासाठी नसून झाडासाठी आहेत' छापाच्या पाट्या हे या धड्याचं फुकट साहित्य. 'नये' हा लेखी मराठीचा थंड सूर, घरातलं माणूस घरातल्याला 'वाजवू नकोस' म्हणतं. एकच पाटी घ्यायची आणि तीन तऱ्हेने इंग्रजीत करायची: एक पाटी म्हणूनच, 'नो पार्किंग' टाइप, एक शेजाऱ्याला तोंडाने सांगताना, आणि एक आपल्याकडे राहायला आलेल्या परदेशी मित्राला समजावताना, की 'यू आर नॉट सपोज्ड टू रिंग द बेल इन द आफ्टरनून, पीपल टेंड टू टेक अ नॅप'. तिसरी तऱ्हा सगळ्यात अवघड जाते कारण तिथे कारण द्यावं लागतं, आणि कारण देणं हे पाटीच्या स्वभावातच नाही.

काय काय सांगायला लावतात

बाहेरची पुस्तकं वापरली की धडा 'ब्रिटनमधे पार्टीला जाताना काय न्यावं' इथून सुरू होतो आणि हडपसरचा मुलगा गप्प बसतो, त्याला काय माहीत. उलट त्याला स्वतःच्या घराबद्दल बोलायला लावलं की त्याच्याकडे माल असतो, भाषा तेवढी हवी असते. निघताना 'जातो' म्हणायचं नाही, 'येतो' म्हणायचं. बाहेर पडणाऱ्याला 'कुठे?' विचारायचं नाही, 'लांब का?' म्हणायचं. शेजारणीचा डबा परत देताना काही नसेल तर चमचाभर साखर तरी घालायची. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकू, वाण, तिळगूळ. आषाढी वारीच्या पालख्या पुण्यात मुक्कामाला असतात, ज्ञानेश्वरांची भवानी पेठेत पालखी विठोबाच्या देवळात आणि तुकारामांची नाना पेठेत निवडुंग्या विठोबापाशी, तेव्हा वारकरी लहान पोरालाही 'माऊली' म्हणतो आणि एकमेकांच्या पाया पडतात, वय बघत नाहीत. हे परक्याला सांगायचं तर 'इट लिटरली मीन्स मदर, बट यू कॉल एव्हरीवन दॅट' इथपासून सुरुवात.

ओटी, वाण, मानपान, सोवळं, ओवाळणं हे शब्द भाषांतरात घालवू नयेत असं माझं मत. शब्द मराठीच ठेवायचा आणि पाठोपाठ 'इट्स अ काइंड ऑफ' किंवा 'इट्स व्हेन' लावून एका वाक्यात उलगडायचा. मामाचा मान म्हणजे 'रिस्पेक्ट ऑफ अंकल' नव्हे, त्यात बसायची जागा, टॉवेल-टोपी आणि रुसवाफुगवा सगळं येतं.

प्रत्येक रीत कौतुकाने सांगायची नसते, आणि इथे शिक्षक कच खातात. हळदीकुंकवाला विधवांना बोलावत नसत, अजूनही बऱ्याच घरांत बोलावत नाहीत, पाळीत बाजूला बसवणं काही घरांत अजून आहे. मुलींना हे सांगायचं असतं आणि 'आय डोन्ट फॉलो इट', 'माय मदर यूस्ड टू, बट शी स्टॉप्ड' असं म्हणायचंही असतं. जुन्या काळाबद्दल बोलायला तर पुण्यासारखी जागा नाही. १८४८ मधे जोतिराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी भिडे वाड्यात मुलींची शाळा काढली तेव्हा 'गर्ल्स वेअर नॉट सपोज्ड टू स्टडी', सावित्रीबाईंवर शेण फेकलं गेलं ते त्याच 'सपोज्ड'पायी. १८९३ मधे धोंडो केशव कर्व्यांनी विधवेशी लग्न केलं तर गावाने वाळीत टाकलं. 'वॉज नॉट अलाउड टू' शिकवायला यापेक्षा जवळचं उदाहरण पुस्तकात मिळणार नाही.

वर्गात एकाच रीतीवर दोन मतं निघतात आणि ती निघू द्यावीत. मामाच्या मुलीशी लग्न एका घरात पहिली पसंती, दुसऱ्या घरात नाव काढायचं नाही. बीडचा मुलगा आणि सदाशिव पेठेतला मुलगा 'जेवूनच जा' या वाक्याचा अर्थ वेगवेगळा सांगतात (कोण काय सांगतो ते लिहायची गरज नाही). पुण्यात इराणी विद्यार्थीही बरेच येत आलेत, त्यांच्याकडे 'तारोफ' आहे, म्हणजे दिलेलं आधी दोनतीनदा नको म्हणायचं, आपल्या 'नको नको, आत्ताच खाऊन आलो'चा सख्खा भाऊ. अशा वर्गात 'ऑल इंडियन्स' म्हणणारा लगेच पकडला जातो आणि 'इन मोस्ट होम्स', 'इन अवर फॅमिली' आपोआप जिभेवर येतं.

मागचं थोडं

पुण्यात इंग्रजी शिकवण्याची परंपरा जुनी, न्यू इंग्लिश स्कूल १८८० चं. पण ते इंग्रजी वाचण्यालिहिण्याचं. राज्यातल्या मराठी शाळांत २००० सालापासून इंग्रजी पहिलीपासून आलं, त्याआधी पाचवीपासून होतं. कुठे काय बोलणं शोभतं हाही भाषेचाच भाग, असं डेल हाइम्स या अमेरिकन अभ्यासकाने १९६० च्या दशकात मांडलं, आणि १९८३ मधे जेनी थॉमस यांनी गैरसमजाचे दोन प्रकार वेगळे केले: एकात शब्दरचना चुकीच्या वजनाची पडते, दुसऱ्यात काय विचारावं न विचारावं याचीच समज वेगळी असते. 'पगार किती?' हा आपला प्रश्न दुसऱ्यातला. तो व्याकरणाने कितीही शुद्ध विचारला तरी हिंजवडीतल्या आयटी कंपनीच्या परदेशी कॉलवर शांतता पसरतेच.

हल्ली या धड्याला गिऱ्हाईक मिळतं ते मुख्यतः आयटीवाल्यांचं आणि आयईएलटीएस, म्हणजे परदेशी जायला लागणारी इंग्रजीची परीक्षा, देणाऱ्यांचं. त्या परीक्षेतली बोलण्याची मुलाखत ११ ते १४ मिनिटांची, दुसऱ्या भागात एक मिनिट विचार करायला देतात आणि मग एक-दोन मिनिटं एकट्याने बोलायचं, सण, लग्न, पाहुणचार हे विषय त्यात येऊ शकतात. मार्क ओघ, शब्द, व्याकरण आणि उच्चार यांचे, सांगितलेली रीत खरी की खोटी याचे नाहीत. त्यामुळे एखाद्याने गावात कधीच नसलेली प्रथा ठोकून दिली तरी परीक्षेत चालून जातं. क्लासमधे मात्र त्याच तालुक्यातलं कोणीतरी मागच्या बाकावर बसलेलं असतंच, ते म्हणतं 'आमच्याकडे असलं काही नसतं हं', आणि सर म्हणतात इंग्रजीत बोल.