महासत्तेशी मैत्री आणि कोकण किनाऱ्यावरील युद्धनौकाबांधणी

बलाढ्य सत्तेशी तह, करार किंवा स्नेह जुळला की देशाच्या शस्त्रनिर्मितीला वेगळे वळण लागते. युद्धनौकांच्या गोदीत ते सर्वांत स्पष्ट दिसते. नौका तीस-चाळीस वर्षे चालते. तिचे इंजिन आणि क्षेपणास्त्रे ज्यांच्याकडून घेतली, त्यांच्याशी तितकी वर्षे जमवून घ्यावे लागते. विजयदुर्ग, मुंबईतील माझगाव आणि गोव्यातील वास्को या तीन ठिकाणी हा इतिहास नीट पाहता येतो.

१६५९ च्या सुमारास शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी परिसरात जहाजे बांधायला घेतली, तेव्हा रुई लैतांव व्हिएगस हा पोर्तुगीज आपल्या कारागिरांसह त्या कामावर होता. वसईच्या पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी या मंडळींना फोडले आणि ती काम टाकून निघून गेली. मराठ्यांचे आरमार तरीही उभे राहिले. खरा घाव बसला तो पुढच्या शतकात, आणि तो परक्याच्या मैत्रीतून बसला. मराठ्यांचेच आरमारी सरदार तुळाजी आंग्रे यांचा बंदोबस्त करण्यासाठी नानासाहेब पेशव्यांनी मार्च १७५५ मध्ये मुंबईकर इंग्रजांशी करार केला. त्या वर्षी सुवर्णदुर्ग पडला. फेब्रुवारी १७५६ मध्ये इंग्रज सेनानी वॉटसन आणि क्लाइव्ह विजयदुर्गावर चालून आले आणि बंदरातले आंग्र्यांचे आरमार जळून खाक झाले. नंतरच्या तहात विजयदुर्ग पेशव्यांकडे आला, बाणकोट इंग्रजांना गेले. घरातले भांडण मिटवताना पेशव्यांनी किनाऱ्यावरची सर्वांत मोठी सागरी ताकद गमावली. मराठ्यांच्या इतिहासातली ही फार महागात पडलेली चूक म्हटली पाहिजे. विजयदुर्गच्या सुभ्यावर धुळप घराण्याने आरमार राखले, १७८३ मध्ये आनंदराव धुळपांनी इंग्रजांचे ‘रेंजर’ जहाजही पकडले. विजयदुर्गजवळ गिर्ये येथे कातळ खोदून केलेली गोदी आजही पाहता येते. पण मोठ्या बांधणीचे केंद्र मुंबईच्या गोदीकडे सरकले. तेथे १७३६ मध्ये सुरतेहून आलेल्या लवजी नसरवानजी वाडिया यांच्या घराण्याने सागवानी जहाजे बांधली. त्यांपैकी १८१७ ची ‘ट्रिंकोमाली’ इंग्लंडमधील हार्टलपूल येथे आजही तरंगते आहे. कसब इथल्या हातांचे, मालकी मात्र इंग्रजांची.

स्वातंत्र्यानंतर माझगाव डॉक १९६० मध्ये सरकारने ताब्यात घेतले. पहिली मोठी युद्धनौका ‘निलगिरी’ (१९७२) ब्रिटनच्या लिअँडर या फ्रिगेटच्या आराखड्यावर बांधली. दरम्यान १९६५ च्या युद्धात अमेरिकेने भारत-पाकिस्तान दोघांचाही शस्त्रपुरवठा थांबवला आणि भारतीय नौदल सोव्हिएत संघाकडे वळले. पाणबुड्या आल्या, क्षेपणास्त्र नौका आल्या. त्याच नौकांनी ४ डिसेंबर १९७१ च्या रात्री कराचीवर हल्ला केला. महासत्तेच्या मैत्रीचा हा लाभ कमी लेखता येणार नाही: तयार शस्त्र वेळेवर हाती आले.

माझगावला मात्र दोन्ही जगांची सांगड घालावी लागली. १९८३ मध्ये नौदलात आलेली ‘गोदावरी’ हे त्याचे उत्तम उदाहरण. आराखडा नौदलाच्या स्वतःच्या संकल्पन विभागाचा, लिअँडरवरून वाढवलेला. पुढच्या भागात सोव्हिएत क्षेपणास्त्रे आणि सोव्हिएत तोफ, आत इटालियन संगणकप्रणाली, मागच्या हँगरमध्ये ब्रिटिश सी किंग हेलिकॉप्टर, पाण्याखाली कोचीच्या प्रयोगशाळेत घडलेले सोनार, म्हणजे आवाजाच्या लहरींनी पाणबुडी शोधणारे यंत्र. प्रत्येकाला लागणारी वीज वेगळी, जोडण्या वेगळ्या, पुस्तिकांच्या भाषा वेगळ्या. ही सगळी यंत्रे एका सांगाड्यात बसवून एकमेकांशी बोलती करणे हेच माझगावच्या अभियंत्यांचे आणि फिटर-वेल्डरांचे खरे शिक्षण ठरले. परवाना घेऊन तंतोतंत नक्कल करत राहिले असते, तर ते मिळाले नसते.

मैत्रीची दुसरी बाजू नव्वदच्या दशकात समोर आली. ‘दिल्ली’ विनाशिका १९९१ मध्ये पाण्यात उतरली, त्याच वर्षी सोव्हिएत संघ कोसळला आणि ती नौदलात दाखल व्हायला १९९७ उजाडले. शस्त्रे रशियात, नौका चालवणारी टर्बाइन इंजिने युक्रेनमध्ये, अशी विभागणी झाली. १९९८ च्या अणुचाचण्यांनंतर अमेरिकी निर्बंधांमुळे सी किंगचे सुटे भाग अडकले. पाणबुड्यांचे नुकसान मात्र परक्या निर्बंधाने झाले नाही. माझगावने जर्मन आराखड्यावर ‘शाल्की’ (१९९२) आणि ‘शंकुल’ (१९९४) बांधल्या, पण खरेदीतील आरोपांनंतर पुढचे काम थांबले आणि शिकलेले हात पांगले. २००५ मध्ये फ्रेंच स्कॉर्पीन पाणबुड्यांचा करार झाला तेव्हा बरेच पुन्हा शिकावे लागले.

विमानवाहू नौकेसाठी रशियन पोलाद वेळेवर मिळेना, तेव्हा संरक्षण संशोधन प्रयोगशाळा आणि स्टील अथॉरिटी ही सरकारी पोलाद कंपनी यांनी युद्धनौकांचे पोलाद देशातच तयार केले. अशा अडचणीतून मिळालेली ही सर्वांत टिकाऊ कमाई आहे. इंजिनाबाबत तसे झालेले नाही. वास्कोच्या गोवा शिपयार्डमध्ये रशियन आराखड्यावर बांधल्या जात असलेल्या ‘त्रिपुट’ आणि ‘तवस्या’ या युद्धनौकांच्या टर्बाइन युक्रेनच्या आहेत, आणि ते दोन देश एकमेकांशी युद्धात आहेत. १५ जानेवारी २०२५ रोजी मुंबईत दाखल झालेल्या नव्या ‘निलगिरी’चे पोलाद भारतीय, ब्रह्मोस क्षेपणास्त्र रशियाच्या भागीदारीतले, बराक क्षेपणास्त्र इस्राएलच्या सहकार्याने घडलेले, टर्बाइन अमेरिकी आराखड्याच्या. २०२३ पासून अमेरिकी नौदलाच्या जहाजांच्या दुरुस्तीचा करारही माझगाव डॉककडे आहे. लढाऊ विमानासाठी देशात विकसित केलेल्या कावेरी इंजिनावर आधारित सागरी टर्बाइन मात्र अजून कोणत्याही मोठ्या भारतीय युद्धनौकेवर बसलेली नाही.