सर्व्हरला स्वतःची डिस्क कशाला?

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत आम्ही क्लस्टरचा, म्हणजे एकत्र काम करणाऱ्या सर्व्हरांच्या गटाचा, तिसरा नोड (सर्व्हर) उभा करत होतो. पहिल्या नोडची बूट डिस्क, म्हणजे ज्यावरून तो चालू होतो ती डिस्क, सामायिक (शेअर्ड) स्टोरेजवरच होती. तिचा क्लोन, म्हणजे हुबेहूब प्रत, काढला, नव्या सर्व्हरला दिला, दहा मिनिटांत लॉगिन आलं. तासाभरात पहिल्या नोडची फाइल सिस्टिम बिघडली. क्लोनबरोबर आयस्कझीचं (नेटवर्कवरून डिस्क वापरायची पद्धत) इनिशिएटर नाव, म्हणजे आयक्यूएन, जसंच्या तसं आलं होतं. स्टोरेज सर्व्हरला ओळखतं ते याच नावावरून, म्हणून नव्या सर्व्हरला पहिल्याचीही डिस्क दिसली. दोन्ही डिस्कांवरच्या फाइल सिस्टिमचा ओळख-क्रमांक, यूयूआयडी, एकच. नव्या सर्व्हरनं लॉगचं पार्टिशन (डिस्कचा भाग) नेमकं पहिल्याच्या डिस्कवरून माउंट केलं, म्हणजे वापरायला जोडलं, आणि दोघं एकाच जागी लिहू लागले.

सामायिक डिस्कवर प्रत्येकाची ओळख वेगळी कशी ठेवायची, हा प्रश्न मुळापासूनचा आहे. १९८३ साली डिजिटल इक्विपमेंट कंपनीनं व्हॅक्सक्लस्टर आणला. त्यात अनेक व्हॅक्स मशिनं एकाच सिस्टिम डिस्कवरून बूट होऊ शकत. डिस्कवर सगळ्यांची सामायिक डिरेक्टरी एक, आणि प्रत्येक नोडची खासगी डिरेक्टरी वेगळी. सामायिक काय आणि स्वतःचं काय, ही वाटणी त्यांनी स्पष्ट ठेवली होती. मला यातली ही सगळ्यात शहाणी गोष्ट वाटते.

सन कंपनीच्या डिस्क नसलेल्या वर्कस्टेशनचं तसंच. चालू झालं की मशिनला स्वतःचा इथरनेट पत्ता तेवढा माहीत. 'माझा आयपी कोणता?' असं ते नेटवर्कवर विचारी. त्यासाठीचा आरएआरपी हा प्रोटोकॉल (संवादाचे ठरलेले नियम) १९८४चा, बूटपी १९८५चा. मग टीएफटीपी या फाइल पाठवण्याच्या प्रोटोकॉलनं बूट प्रोग्रॅम यायचा आणि रूट, म्हणजे सगळ्यात वरची डिरेक्टरी, एनएफएस या नेटवर्कवरच्या फाइल सिस्टिमवरून माउंट व्हायचं. तिथंही प्रोग्रॅमांची डिरेक्टरी /usr सगळ्यांची एक, रूट मात्र ज्याचं त्याचं.

पीसी सर्व्हरांच्या जगात हे उशिरा आलं. १९९४ मध्ये स्टोरेज जोडणाऱ्या फायबर चॅनलचं मानक झालं, कार्डाच्या बायॉसमधून सॅनवरची, म्हणजे स्टोरेजच्या स्वतंत्र नेटवर्कवरची, डिस्क बूटसाठी दिसू लागली. नेटवर्कवरून बूट करण्याचं इंटेलचं पीएक्सई २.१ हे १९९९चं, आयस्कझीचं मानक २००४चं. साध्या इथरनेटवर काम भागू लागलं. दरम्यान स्टोरेजमध्ये स्नॅपशॉट, म्हणजे डिस्कची त्या क्षणाची जपलेली स्थिती, आले. क्लोन काढताना ब्लॉक कॉपी होत नाहीत, बदललेला तेवढाच नवीन लिहिला जातो, म्हणून शंभर जीबीची डिस्कही काही सेकंदांत 'तयार' होते. वेग आला आणि ती जुनी वाटणी मागं पडली: आता अख्खी डिस्क उचलायची, आतली ओळखही त्यातच.

कोल्हापूरच्या माणसाला हे लगेच कळावं. उद्यमनगरात एकाच पॅटर्नवरून कितीही कास्टिंग ओतली, तरी मोठ्या कास्टिंगवर नंबर पंच केल्याशिवाय ते गेटबाहेर जात नाही.

आणि आपल्याकडं याची गरज खरोखरच आहे. २०१९ आणि २०२१च्या महापुरात शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू महामार्ग बंद झाला होता. अशा वेळी पुण्याहून इंजिनिअर येणार कुठून? स्टोरेज वरच्या मजल्यावर सुरक्षित असेल, तर शेजारचा रिकामा सर्व्हर त्याच डिस्कवरून उठवता येतो. मात्र आधीचा पूर्ण बंद आहे, याची खात्री करूनच.

त्या फाउंड्रीत आता मूळ इमेजमधली मशीन-आयडीची फाइल रिकामी असते, एसएसएचच्या होस्ट की (दुरून लॉगिन करताना सर्व्हरची ओळख पटवणाऱ्या किल्ल्या) पुसलेल्या असतात आणि आयक्यूएन प्रत्येक सर्व्हरसाठी नव्यानं बनतो. त्यानंतरच स्टोरेजवर त्या नावाला त्याची डिस्क दिली जाते, दुसरी कुठलीच नाही.