मलय की न्योन्या? टेबल बुक करण्याआधी हे बघा

मलेशियात क्वालालंपूर किंवा पिनांगला गेलात तर एक संध्याकाळ चांगल्या, जरा महागड्या रेस्टॉरंटसाठी राखून ठेवा. फक्त तिथलं स्वयंपाकघर मलय आहे की न्योन्या (म्हणजे तिथे स्थायिक झालेल्या चिनी घरांतलं), हे आधी बघून घ्या. दोन्ही मेनू वरवर सारखेच दिसतात. नारळाचं दूध, गवती चहा, हळदीची पानं, मिरच्यांचा सांबल दोन्हीकडे असतो. बारीक जवळा मीठ लावून, आंबवून, वाळवून केलेलं उग्र वासाचं बेलाचानही दोन्हीकडे असतं. तरीही दोन्हीकडे मागवायचे पदार्थ मात्र वेगळे.

मलय स्वयंपाक मुस्लिम घरांतला, त्यामुळे डुकराचं मांस नाही. त्याचा कस बघायचा तर रेंदांग मागवा. हा पदार्थ मूळचा सुमात्रातल्या मिनांगकाबाऊ लोकांचा. त्यांच्यातले बरेच जण पूर्वीच मलेशियातल्या नगरी सेंबिलान भागात येऊन वसले. बीफ किंवा चिकन नारळाच्या दुधात मंद आचेवर तासन् तास शिजतं, रस आटतो, तेल सुटतं आणि त्यात केरिसिक पडतं. केरिसिक म्हणजे तपकिरी होईपर्यंत भाजून, तेल सुटेस्तोवर कुटलेलं खोबरं, मालवणी वाटणाइतकंच खमंग. मसाला मांसाला धरून बसलेला असावा. ताटभर पातळ रस्सा पळत असेल, तर आटवायला वेळ दिलेला नाही.

न्योन्या जेवण पेराणकन घरांतलं. व्यापारासाठी आलेली चिनी माणसं मलाक्का, पिनांग भागात स्थायिक झाली, इथली भाषा, पेहराव आणि मसाले त्यांनी आपलेसे केले. त्यांचे वंशज ते पेराणकन. बायका न्योन्या, पुरुष बाबा. त्यामुळे इथल्या पोंगतेह या मांसाच्या पदार्थात आंबवलेल्या सोयाबीनची चिनी पेस्ट असते आणि मांस परंपरेनं डुकराचं. बरीच रेस्टॉरंट्स आता तो चिकनचा करतात, पण गृहीत धरू नका, विचारा. काट्या-चमच्याऐवजी चॉपस्टिक्स मिळतील असंही समजू नका. पेराणकन घरांत पूर्वी हातानंच जेवत.

न्योन्या मेनूवर मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो आयाम बुआ केलुआक. केलुआकच्या कच्च्या बियांत सायनाइडचं विष असतं. त्या उकळून, राखेत कित्येक दिवस पुरून ठेवल्या की मगच खाण्याजोग्या होतात. चिकनच्या आंबट रश्शात त्या अख्ख्या येतात. कवचाला पाडलेल्या भोकातून आतला काळा गर छोट्या चमच्यानं कोरून काढायचा आणि भातात कालवायचा. चव कडसर, दाट, कोकोच्या जवळ जाणारी. हा पदार्थ मुख्यतः मलाक्काकडचा. तिकडचं जेवण नारळाचं आणि गोडसर असतं. पिनांग थायलंडला जवळ, म्हणून तिथली चव आंबट-तिखट. दोन्हीकडे आंबटपणासाठी चिंचेबरोबर आसाम गेलुगुरच्या वाळवलेल्या फोडी वापरतात. ते झाड आपल्या कोकमाच्याच, गार्सिनिया वंशातलं.

सगळ्यात जास्त फसगत होते ती निळ्या भाताची. दोन्हीकडे रंग गोकर्णाच्या फुलांचाच. पण नासी केराबू हा केलांतान राज्यातला मलय भात. त्यावर मासा, भाजलेलं खोबरं, बारीक चिरलेला कच्चा पाला आणि सांबल येतो, ते पूर्ण जेवण आहे. पुलुत ताय ताय हा न्योन्या गोडाचा प्रकार: चिकट तांदळाचे निळे-पांढरे चौकोन, सोबत अंडी, साखर आणि नारळाच्या दुधाचा काया जॅम. शेवटी मागवायचा.

न्योन्या जेवणासाठी मी पिनांग निवडेन. जॉर्जटाउनमधल्या 'आंटी गाइक लीन्स'ला डिसेंबर २०२२ मध्ये जाहीर झालेल्या मलेशियाच्या पहिल्याच मिशलिन गाइडमध्ये एक स्टार मिळाला. क्वालालंपूरचं 'देवाकान' या दोन्हींत बसत नाही. ते स्थानिक रानभाज्या-फळांवर बेतलेलं आधुनिक जेवण आहे आणि २०२४ च्या गाइडमध्ये त्याला दोन स्टार होते.

शाकाहारी असाल तर दोन्हीकडे सारखीच दक्षता घ्या. साध्या कांगकुंग या पालेभाजीतही बेलाचान असतं आणि 'भाजी' म्हणून ती निर्धास्तपणे वाढली जाते. बुकिंग करतानाच 'बेलाचान नको, सुकी कोळंबी नको' असं नाव घेऊन सांगा. मेनूवर किमतीपुढे दोन अधिक चिन्हं असतील, तर १० टक्के सर्व्हिस चार्ज आणि ६ टक्के कर वरून लागणार. टीप वेगळी द्यावी अशी तिथे अपेक्षा नसते.